‘प्रेडिक्टिव्ह ट्यूमर मार्कर’ मराठीत कसे लिहावे?

प्रश्न असा आहे: स्तनाच्या कर्करोगात केमोथेरपीचा उपयोग होईल की नाही हे सांगणाऱ्या ‘प्रेडिक्टिव्ह ट्यूमर मार्कर’ला ‘भाकीत करणारे अर्बुदचिन्ह’ म्हणावे का?

‘अर्बुद’ (गाठ) बरोबर, पण ‘चिन्ह’ नको. वैद्यकात चिन्ह म्हणजे डॉक्टरांना तपासताना आढळते ते. मार्कर हे प्रयोगशाळेत सापडणारे प्रथिन किंवा जनुक असते, म्हणून ‘दर्शक’ घ्यावा.

खरी गोची ‘भाकीत’ची आहे. प्रोग्नॉस्टिक मार्कर आजाराची पुढची वाटचाल सांगतो, तर प्रेडिक्टिव्ह मार्कर अमुक उपचार लागू पडेल का ते सांगतो. ‘भाकीत’ दोन्हींना चिकटते आणि अर्थ बुडतो. पहिल्यासाठी आयुर्वेदातली ‘साध्यासाध्यता’ (आजार बरा होण्याजोगा आहे की नाही) जवळची. दुसऱ्यासाठी ‘उपशय’ (उपचाराने आराम पडणे) सुचतो खरा, पण उपशय उपचार करून पाहिल्यावर कळतो आणि इथे आधीच कळायला हवे. म्हणून पहिल्याला ‘वाटचालदर्शक’ आणि दुसऱ्याला ‘प्रतिसाददर्शक’ म्हणावे.

प्रतिसाद कशाला, हेही लिहायलाच हवे. ईआर (इस्ट्रोजेन हॉर्मोन पकडणारे पेशीतले प्रथिन) पॉझिटिव्ह गाठीवर हॉर्मोन उपचार चालण्याची शक्यता असते, पण शस्त्रक्रियेआधीच्या केमोने अशी गाठ पूर्ण नाहीशी होण्याचे प्रमाण ट्रिपल निगेटिव्ह (ईआरसह तीन ठरावीक दर्शक नसलेल्या) गाठींपेक्षा कमी असते. नुसते ‘ईआर हा प्रतिसाददर्शक’ लिहिले तर वाचक नेमका उलटा अर्थ घेईल. हर-२ या गाठीच्या पेशींवरच्या प्रथिनाच्या चाचणीचा २+ निकालही ‘सौम्य पॉझिटिव्ह’ नव्हे, तो ‘संदिग्ध’. त्यापुढे फिशसारखी जनुकाची चाचणी करावी लागते. ३+ असेल तर पॉझिटिव्ह.

रक्तातल्या सीए १५-३ या मार्करला मात्र प्रतिसाददर्शक म्हणू नये. केमो लागू पडेल का हे तो आधी सांगत नाही; पसरलेल्या आजाराचा मागोवा घ्यायला तो इतर तपासण्यांच्या जोडीने वापरतात. नवा उपचार सुरू झाल्यावर पहिल्या ४ ते ६ आठवड्यांत तो तात्पुरता वाढू शकतो, त्यामुळे तेवढ्यावरून ‘औषध निकामी’ असे लिहिणे चूक.

‘रिस्पॉन्स’ला ‘प्रतिक्रिया’ही नको, औषधाची प्रतिक्रिया म्हटले की पुरळ आणि धाप डोळ्यांपुढे येते. आणि कृपा करून ‘रुग्णाने प्रतिसाद दिला नाही’ असे लिहू नका. प्रतिसाद गाठ देते. ‘गाठीवर औषधाचा परिणाम झाला नाही’ एवढेच लिहा.