कॉर्न स्नेकला केवढा उंदीर द्यावा, हे कसं ठरवायचं?

तुम्ही लिहिलंय की ओहायोत राहता, मुलाचा पाळलेला साप, कॉर्न स्नेक, आता ६० ग्रॅमचा झालाय, दुकानदार म्हणतो ‘अजून पिंकीच द्या’ (म्हणजे उंदराचं बिनकेसाचं पिल्लू) आणि मुलगा व्हिडिओ बघून ‘आता मोठा उंदीर देऊ’ म्हणून मागे लागलाय. दोघांचंही ऐकू नका. सात ते नऊ ग्रॅमचा एक लहान हॉपर, म्हणजे उड्या मारायला लागलेलं उंदराचं पिल्लू, द्या, आठवड्यातून एकदा. हा आकडा कुठून आला ते सांगते, म्हणजे पुढच्या वेळी कुणाला विचारावं लागणार नाही.

पहिली गोष्ट, सापाच्या डोक्याकडे बघून अंदाज बांधायचा नाही. साप जबडा निखळवून गिळतो असं सर्रास सांगितलं जातं, पण निखळत काहीच नाही. त्याच्या खालच्या जबड्याच्या दोन बाजू हनुवटीपाशी हाडाने जोडलेल्या नसतात, मध्ये लवचीक बंध असतो. शिवाय जबडा कवटीला जोडणारं हाडही चांगलं हलतं. त्यामुळे एवढंसं तोंड बघता बघता केवढं तरी पसरतं, आणि बघणाऱ्याला वाटतं, याला काहीही चालेल. गिळायला चालेलही हो. पण गिळणं काही मिनिटांचं, पचवणं काही दिवसांचं, आणि घोळ होतो तो पचवण्यात.

म्हणून माप धडाचं घ्यायचं. मधला, सगळ्यात जाड भाग बघा. उंदीर त्याच्या सगळ्यात रुंद जागी साधारण तेवढाच असावा, फार तर दीडपट. याला वजनाची जोड द्या. साप झाकणाच्या डब्यात घालून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा (काटा वेगळा घेतलात तर घरात शांतता राहील) आणि डब्याचं वजन वजा करा. वाढत्या वयाच्या कॉर्न स्नेकला स्वतःच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भक्ष्य पुरतं. ६० ग्रॅमचे झाले सहा ते नऊ.

हा हिशेब अगदी नवजात पिल्लाला लागू होत नाही. अंड्यातून आलेलं पिल्लू सहा-आठ ग्रॅमचं असतं आणि दोन ग्रॅमची पिंकी त्याच्या वजनाच्या पाव हिश्शाला जाते. तरी ती पचते, कारण पिंकीला केस नसतात आणि हाडंही कोवळी असतात. तुमचा साप मात्र त्या वयातून कधीच बाहेर पडलाय. आता पिंकीच देत राहिलात तर तीन-चार द्याव्या लागतील, आणि पिंकीत कॅल्शियमही वाढलेल्या उंदरापेक्षा कमी असतं.

पाकिटावरच्या नावांवर फार विसंबू नका. पिंकी म्हणजे बिनकेसाचं, एक ते तीन ग्रॅमचं पिल्लू. फझी म्हणजे लव फुटलेलं, तीन ते सहाचं. हॉपर म्हणजे डोळे उघडून उड्या मारायला लागलेलं, सात ते बाराचं. पूर्ण वाढलेला उंदीर २० ते ३० ग्रॅमचा. पण एकाचा हॉपर दुसऱ्याची मोठी फझी निघते. उंदीरही काट्यावर ठेवा.

बरोबर दिलं की चूक, हे साप दुसऱ्या दिवशी सांगतो. गिळल्यावर पोटाच्या जागी हलकासा फुगवटा दिसावा आणि एक-दोन दिवसांत उतरावा. काहीच दिसलं नाही तर पुढच्या वेळी थोडं मोठं द्या. कातडी ताणून खवल्यांमध्ये फटी दिसत असतील, तर ते भक्ष्य जास्तच मोठं होतं.

मोठं भक्ष्य दिल्यावर खरी भीती असते ती साप ते ओकून टाकण्याची. आपल्याला वाटतं, ओकला, मोकळा झाला, आता भूक लागली असेल. अजिबात खायला घालू नका. पोटातला पाचकरसही बाहेर पडलेला असतो आणि अन्ननलिका पोळलेली असते. किमान दहा-बारा दिवस फक्त पाणी, मग नेहमीच्या निम्म्या आकाराचं भक्ष्य. पुन्हा ओकला तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या. आणि उंदराच्या आकाराला दोष देण्याआधी पेटीची उबदार बाजू तपासा. तिथे २९-३० अंश सेल्सिअस नसेल तर योग्य मापाचा उंदीरही पोटात सडतो. खाल्ल्यावर दोन दिवस हातात घ्यायचं नाही, हे मुलाला बजावून सांगा. याच गोष्टीवर मुलं ऐकत नाहीत.

जिवंत उंदीर नकोच. कोपऱ्यात सापडलेला उंदीर चावतो आणि सापाला जखमा होतात. फ्रोझन आणा, रात्रभर फ्रीजमध्ये खाली ठेवा, मग पिशवीसकट गरम पाण्यात कोमट करून लांब चिमट्याने द्या. मायक्रोवेव्ह नाही, आतून शिजतो आणि फुटतो. भारतातून आई-बाबा यायचे असतील तर फ्रोझन उंदरांच्या डब्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. आमच्याकडे सासूबाईंनी ओलं खोबरं शोधताना तो डबा उघडला होता. पुढे काय झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बॉल पायथनवाल्यांचा सल्ला तुमच्या सापाला लावू नका. तो जाड अंगाचा, सुस्त साप, त्याला ‘रॅट’, म्हणजे आपल्या या उंदराहून बराच मोठा उंदीर, देतात आणि मोठा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांतून एकदाच. आणि महाराष्ट्रातून कुणी हे वाचत असेल तर धामण किंवा अजगर पकडून घरी ठेवणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. ही मापं तिकडे वापरू नका.

तुमचा साप ९० ग्रॅमच्या पुढे गेला की १० ते १२ ग्रॅमवर जा, १७० च्या आसपास पूर्ण वाढलेल्यांपैकी लहानसा उंदीर चालेल. पूर्ण वाढल्यावर टक्केवारी पाचाच्या आसपास येते आणि दहा-चौदा दिवसांतून एक उंदीर पुरतो, तो कितीही भुकेल्यासारखा काचेला नाक लावून बसला तरी.