दिवस अर्धे अर्धे, पण खर्चाचं काय?

प्रिय बाळा,

काल फोनवर तू म्हणालास, मावशी, लेक एक आठवडा माझ्याकडे आणि एक आठवडा तिच्या आईकडे राहणार, मग पोटगीचा प्रश्नच कुठे येतो, ज्याने त्याने आपापल्या आठवड्यात बघायचं. तेव्हा तुला मधेच तोडलं नाही कारण तू खूप दमलेला वाटलास, पण रात्रभर तेच डोक्यात होतं म्हणून आज सविस्तर लिहितेय.

वकिली सुरू केल्यावर एका जोडप्याच्या कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी संमतीने ठरवून कोर्टात द्यायच्या अटींमध्ये, मी अगदी हेच वाक्य घातलं होतं, की मूल ज्याच्याकडे असेल त्याने तेव्हाचा खर्च करावा. दोघं समजूतदार होते, भांडण नव्हतं, मला वाटलं झालं काम. वर्षभराने आई मुलाला घेऊन ऑफिसात आली तर त्याचे शाळेचे बूट इतके लहान झालेले की टाच चेपून चपलेसारखे घातलेले, आणि आई म्हणते तो त्याच्या आठवड्यात घेईल, बाप म्हणतो ती तिच्या आठवड्यात घेईल. बूट काय आठवडा बघून लहान होतात? चूक माझी होती, मी दिवस वाटले होते पण खर्च वाटलाच नव्हता. तो मुलगा अजून डोळ्यासमोर येतो.

तर आधी कायदा बघ. आपल्याकडे निम्म्या निम्म्या कस्टडीसाठी वेगळा पोटगीचा फॉर्म्युला नाहीच, लॉ कमिशनने 2015 साली 257व्या अहवालात जॉइंट कस्टडीची तरतूद सुचवली होती पण तसा कायदा झालेला नाही. मात्र मुलांना सांभाळणं ही जबाबदारी 1956 च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्याच्या कलम 20 ने आई आणि बाप दोघांवर टाकलीय, आणि त्यात मूल कुठे किती रात्री झोपतं हा मुद्दाच नाही. मग कोणी किती द्यायचं? पद्मजा शर्मा केसमध्ये 2000 साली सुप्रीम कोर्टाने दोघांचे पगार बघून दर मुलामागे महिना 3000 धरले आणि बापाने दोन वाटे, आईने एक असं ठरवलं. 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालातही आई पुरेसं कमावत असेल तर शिक्षणाचा खर्च दोघांत प्रमाणात वाटता येतो असं म्हटलंय, आणि दोघांनी उत्पन्न आणि मालमत्तेचं अ‍ॅफिडेव्हिट द्यायचं हेही त्याच निकालाने पक्कं केलं. कर्नाटक हायकोर्टाने एका केसमध्ये मुलाला सहा सहा महिने ठेवून खर्च निम्मा निम्मा केला होता, पण निम्मं ठीक तेव्हाच जेव्हा दोघांची कमाई जवळपास सारखी असते. तुमची तशी नाही.

आकडे मांडून बघ. समज तुला महिन्याला 1,20,000 मिळतात, लेकीच्या आईला 60,000, आणि लेकीचा सगळा मिळून महिन्याचा खर्च 30,000. म्हणजे कमाईच्या प्रमाणात तुझे 20,000 आणि तिचे 10,000. खाणंपिणं, दूध, बारीकसारीक धरून दोन्ही घरी 7,000 - 7,000 जातात, उरलेले 16,000 फी, बस, क्लास, मेडिक्लेमचे, ते समजा तिच्या खात्यातून जातात. मग तिचे गेले 23,000, तुझे फक्त 7,000, म्हणून तू तिला दरमहा 13,000 ट्रान्सफर करायचे, दिवस अगदी मोजून निम्मे असले तरी. आता तू म्हणशील हे म्हणजे बायकोला पैसे देणं झालं, तर नाही रे, हे पैसे लेकीचे आहेत, तिच्या आईने रागाच्या भरात किंवा समजूतदारपणे नको म्हणून सही केली तरी लेकीचा हक्क सुटत नाही, सुप्रीम कोर्टाने हे सांगितलेलं आहे.

टर्म्समध्ये बूट, युनिफॉर्म, सहल, चष्मा सगळं नावानिशी येऊ दे. फी दरवर्षी वाढते तेव्हा रक्कमही दर जूनला बघायची असं लिही. अचानक दवाखाना लागला तर जो जवळ असेल त्याने भरायचं आणि पावती दुसऱ्याला पाठवायची, महिनाअखेर हिशोब. पैसे बँकेतूनच दे, कॅश नको. आणि तिच्या आईने एखाद्या आठवड्यात लेकीला तुझ्याकडे पाठवलं नाही तर पैसे अडवायचे नाहीत, ते भांडण वेगळं, त्याच्यासाठी कोर्टात जाता येतं. सगळ्यात महत्त्वाचं, लेकीच्या तोंडून निरोप द्यायचा नाही, "आईला सांग फी भर" हे सात वर्षांच्या पोरीने ऐकायचं नसतं.

शनिवारी सकाळी घरी ये. पगाराची स्लिप, फीच्या पावत्या आणि गेल्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट आण. तिच्या आईलाही विचार, ती आली तर दोघांसमोरच आकडे मांडू, मी पोहे करून ठेवते.

तुझी
मावशी