उत्तर: आईची बोटं आखडतात, पण रिपोर्ट निगेटिव्ह

दादा, तुमची पोस्ट वाचून आमच्याच घरातल्या कुणीतरी लिहिलीय की काय असं वाटलं. सकाळी आईची बोटं वळत नाहीत, दोन्ही मनगटं सुजतात, आरए फॅक्टर (आमवातासाठी करतात ती रक्ततपासणी) निगेटिव्ह, आणि गावातले डॉक्टर म्हणतात, "शेतातलं काम, वय झालं, इथे सगळ्यांचंच दुखतं." माझ्या सासूबाईंचं अगदी हेच झालं. मी डॉक्टर नाही, पेशंटमागे फिरून जे कळलं तेवढंच सांगते.

"सगळ्यांचंच दुखतं" हे खोटं नाही, आणि घोळ तिथेच आहे. १९९६ मध्ये पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांच्या गटाने इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला घरोघरी पाहणी केली. चार हजारांवर प्रौढांपैकी साधारण १८ टक्के लोकांना सांधे-स्नायूंचं काही ना काही दुखणं निघालं. त्यात झीज, कंबर, मान, अंगमेहनतीचं दुखणं हेच जास्त. खरा आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड संधिवात, ज्यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते, तो दोनशे माणसांत जेमतेम एकाला. म्हणजे त्याच दोनशेत छत्तीसेक जण "दुखतंय" म्हणणार, आणि ज्या एकाला वेळेत औषध मिळालं नाही तर हात कायमचे वाकतील, तोही त्याच रांगेत तीच गोळी घेऊन घरी जाणार.

आमचा घात केला तो तालुक्याच्या एका दवाखान्याने. नाव लिहीत नाही. तिथे आरए फॅक्टर निगेटिव्ह आला आणि फाइलवर लाल पेनने लिहिलं, "संधिवात नाही." त्यानंतर जो डॉक्टर फाइल उघडायचा, तो ती ओळ वाचून फाइल मिटायचा. बोटांचे सांधे दाबून बघायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. खरं तर आमवात असलेल्या चारातल्या एखाद्याचा आरए निगेटिव्हच येतो, आणि काही धडधाकट म्हाताऱ्यांचा पॉझिटिव्ह येतो. अँटी-सीसीपी ही आमवाताची दुसरी रक्ततपासणी जरूर करा, पण तीही निगेटिव्ह आली म्हणून विषय संपत नाही.

वर त्याच दवाखान्याच्या पुड्या. नाव नसलेल्या, कागदात बांधलेल्या, तीन रंगांच्या गोळ्या. घेतल्या की दुसऱ्या दिवशी सासूबाई म्हशीची धार काढायला हजर! तोंड गोल झालं तर शेजारणी म्हणाल्या, तब्येत सुधारली. मग शुगर वाढली. पुडीत काय आहे विचारलं तर उत्तर मिळालं, "विश्वास नसेल तर दुसरीकडे जा." त्यात स्टिरॉइड होतं हे पुढे पुण्यात कळलं. तोवर उजव्या हाताची बोटं करंगळीकडे कलली होती, ती आता सरळ होणार नाहीत. तांब्या अजूनही दोन्ही तळव्यांत धरून उचलतात. (तुमच्याकडे अशा पुड्या चालू असतील तर एकदम बंद करू नका, त्यानेही माणूस आजारी पडतो. सोबत घेऊन जा आणि डॉक्टरांना दाखवा.)

आणखी एक फॅड म्हणजे एएसओ (घशातल्या एका जंतूचा संसर्ग होऊन गेला का ते दाखवणारी रक्ततपासणी) वाढला की वर्षानुवर्षं पेनिसिलिनचं इंजेक्शन. ते ऱ्हुमॅटिक फीव्हरसाठी असतं, पोरासोरांच्या हृदयाच्या झडपा खराब करणारा आजार तो. साठीच्या बाईच्या बोटांचा त्याच्याशी काय संबंध? असो.

माझं मत विचाराल तर आधी आईला एवढंच विचारा: सकाळचा आखडलेपणा किती वेळ राहतो, आणि कामाला लागल्यावर कमी होतो की वाढतो? झिजेचं दुखणं सहसा वापराने वाढतं आणि सकाळचा ताठरपणा थोड्या वेळात जातो. तास-तासभर बोटं उघडत नसतील आणि दोन्ही हात सारखेच धरले असतील तर हाडांच्या डॉक्टरकडे खेपा घालू नका, थेट ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे संधिवाताचा तज्ज्ञ डॉक्टर गाठा. मोठ्या सरकारी रुग्णालयात मेडिसिनच्या ओपीडीत दाखवलं तरी चालेल. मध्यंतरी चिकुनगुनिया झाला असेल तर तेही सांगा, त्याने कितीतरी महिने सांधे धरतात. सुजलेल्या हातांचे फोटो सकाळीच काढून ठेवा, कारण दुपारी तपासताना सूज उतरलेली असते.

डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं नेहमीचं औषध सुरू केलं तर ती गोळी आठवड्यातून एकदाच असते. रोज घेतली तर जिवावर बेतते, आणि दुकानदार कधीकधी सवयीने "रोज एक" सांगून मोकळा होतो. आम्ही पाकिटावरच "फक्त सोमवार" लिहून ठेवलंय. रक्ततपासण्या चुकवू नका.

तुमचा जिल्हा कोणता ते सांगा, त्या बाजूचं कुणी इथे असेल तर डॉक्टर सुचवेल.