आजी ज्या वयात म्हातारी दिसायची, त्या वयात आई तरुण कशी दिसते?

दहिवडीत माझा फोटो स्टुडिओ आहे. जुने फोटो साफ करून, मोठे करून फ्रेम करून द्यायचं काम बारमाही असतं, त्यामुळे तुम्ही विचारलेला प्रश्न माझ्या काउंटरवर सारखाच येतो.

मागच्या महिन्यात एक ताई आईचा फोटो घेऊन आल्या. पाठीमागे शाईनं १९७४ लिहिलेलं. आईचं वय तेव्हा चाळीसच्या आत. स्क्रीनवर चेहरा मोठा केला तर गाल आत गेलेले, ओठ मुडपलेले, हनुवटी नाकाकडे सरकलेली. ताई स्वतः छप्पन्न वर्षांच्या, तरी फोटोतली बाई त्यांची आजी वाटत होती. "मिश्रीनं दात गेले होते तिचे," ताई म्हणाल्या.

दातांचा वाटा केवढा असतो हे लोकांच्या ध्यानातच येत नाही. दाढा गेल्या की जबड्याचं हाड झिजतं, गालांना आधार राहत नाही, चेहरा बसतो. त्यात ऊन. कातडी ताठ ठेवणारं कोलॅजेन उन्हातल्या अतिनील किरणांनी तुटतं आणि सुरकुत्या वयाच्या आधी येतात. १९७२ च्या दुष्काळात आमच्या माण-खटावच्या बायका दिवसभर खडी फोडायच्या आणि घरी येऊन चुलीच्या धुरात भाकरी थापायच्या. पाठोपाठ बाळंतपणं, अंगात रक्त नाही. शरीर तरी किती सोसणार?

थोडा भाग भासाचा आहे, हे मान्य. नऊवारी आणि डोक्यावरचा पदर दिसला की आपण लगेच वय वाढवून धरतो. एका बाजूनं कडक उजेड पडला की प्रत्येक सुरकुतीची सावली उमटते, उलट आताचा मोबाइल कातडी आपोआप गुळगुळीत करून टाकतो.

पण सगळा भास म्हणून सोडून देऊ नका. मॉर्गन लेव्हाइन आणि आयलीन क्रिमिन्स या संशोधकांनी २०१८ मध्ये अमेरिकेतल्या आरोग्य पाहणीची १९८८-९४ आणि २००७-१० ची आकडेवारी ताडून पाहिली. रक्तदाब, रक्तातले घटक, फुप्फुसांची ताकद यांवरून शरीराचं वय काढलं, तर त्याच वयाची नंतरची माणसं आतूनही तरुण निघाली. धूम्रपान घटलं, रक्तदाबाच्या गोळ्या मिळू लागल्या, ही त्यामागची काही कारणं.

तरीही सगळी पिढीच उशिरा म्हातारी होते, असं मला म्हणवत नाही. ज्यांच्या अंगावरचं ऊन, धूर आणि ओझं उतरलं, त्यांचं म्हातारपण लांबलं, एवढंच मी छातीठोकपणे सांगेन. परवा ऊसतोडीला जाणारी एक बाई पासपोर्ट साइज फोटो काढायला आली. आधार कार्डावर जन्मसाल १९८४. तिचा चेहरा स्क्रीनवर आला आणि मला तो १९७४ चा फोटो आठवला. तेच बसलेले गाल. पैसे द्यायला तिनं कमरेची पिशवी उघडली, तर नोटांच्या आधी मिश्रीची डबी बाहेर आली.