योग्याकार्ताला निघालास? आधी नोंगक्रोंग शिक

अरे, कॅफेंची यादी कसली करतोस? इंडोनेशियातल्या या शहरातली पोरं ‘नोंगक्रोंग’ करतात, म्हणजे आपला कट्टाच. रात्री तुगू स्टेशनजवळच्या आंगक्रिंगानवर, म्हणजे खाण्याच्या हातगाडीवर जा, चटईवर मांडी घाल आणि कोपी जोस सांग. काळ्या कॉफीत लालबुंद निखारा टाकतात, चर्रकन आवाज होतो. लगेच तोंड लावू नकोस, माझी जीभ पोळली होती! सोबत नासी कुचिंग, म्हणजे ‘मांजराचा भात’: पुडीत मूठभर भात नि वर जरासं साम्बल, म्हणजे मिरचीची चटणी. बहुतेकदा मासळी असते, शाकाहारी असशील तर आधी विचार. गाडीवाल्याला ‘मास’ (दादा) म्हण, मुलींना ‘म्बाक’ (ताई). जकार्तातलं ‘गुए-लो’, म्हणजे बोलीतलं ‘मी-तू’, इथे आगाऊ वाटतं. आणि सातला बोलावलं तर साडेसातला पोच. ‘जाम कारेत’, रबरी वेळ चालते तिथे.