वाटप नाही झालं तरी चालेल, वारस नोंद हवी

प्रश्न : वडील २०२३ मध्ये वारले. तेव्हापासून पीएम किसानचे हप्ते बंद आहेत. साडेतीन एकर जमीन अजून त्यांच्याच नावावर आहे. घरात आई, आम्ही दोघे भाऊ आणि एक विवाहित बहीण. वाटप झाल्याशिवाय अर्ज चालत नाही, असं गावात सांगतात. खरं काय?
— एक वाचक, जि. परभणी

उत्तर : वाटपाची अट नाही. शेत कोण कसतो हे ही योजना पाहत नाही, सातबाऱ्यावर नाव कुणाचं हे पाहते. म्हणून आधी वारस नोंद करा. मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांच्या माहितीसह तलाठ्याकडे किंवा ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावर अर्ज द्यायचा. हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी फेरफार, म्हणजे नावातल्या बदलाची नोंद, प्रमाणित करतात. कायद्याने वारसाहक्क मिळाल्याचं तीन महिन्यांत कळवायचं असतं, पण उशीर झाला म्हणून नोंद अडत नाही.

आई आणि बहिणीचं नाव मुळीच गाळू नका. 'योजनेसाठी लागतं' म्हणून बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेणारे आहेत. योजनेला ते लागत नाही, आणि तिचा हक्क मात्र कायमचा जातो.

१ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर आलेल्या जमिनीला लाभ नाही, पण वारसाहक्काला त्यातून सूट आहे. तेवढ्यासाठी वडिलांचा त्या तारखेआधीचा फेरफार आणि तुमचा नवा फेरफार, दोन्ही जोडा. अर्ज परत येतात ते बहुधा इथेच. योजनेच्या अर्जाआधी प्रत्येकाने आपला शेतकरी ओळख क्रमांक काढून घ्यावा.

योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान (१८ वर्षांखालील) मुलं. त्यामुळे आई, तुम्ही आणि भाऊ अशी तीन कुटुंबं धरली जातात; जमिनीचं खातं सामाईक असलं तरी प्रत्येकाला वर्षाला ६,००० रुपये मिळू शकतात. घरात कुणी आयकर भरत असेल तर त्या कुटुंबाला नाही. बहिणीच्या नवऱ्याला हप्ता मिळत असेल तर तिला वेगळा मिळणार नाही. राज्याच्या नमो शेतकरी निधीला निराळा अर्ज नाही.

वडिलांच्या मृत्यूनंतर एखादा हप्ता जमा झाला असेल तर तो परत करावा लागतो. खर्च करू नका.

प्रश्न : पीएम किसानचा अर्ज मंजूर आहे, पैसे मात्र येत नाहीत.

उत्तर : योजनेच्या संकेतस्थळावर आपली स्थिती उघडा आणि 'नाही' कुठे आहे ते बघा. लँड सीडिंगपुढे (जमिनीची नोंद अर्जाला जोडणे) असेल तर तालुक्याला जावं लागेल. ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, सीएससी (सामाईक सेवा) केंद्रात होते. आधार बँक सीडिंगसाठी, म्हणजे आधार खात्याला जोडण्यासाठी, मात्र बँकेतच जा. बँकेत केवायसी दिली म्हणजे सीडिंग झालं, असं होत नाही. थेट लाभासाठी आधार या खात्याला जोडा, असा वेगळा फॉर्म भरायचा. जुनं खातं बंद पडलं असेल तर पोस्ट पेमेंट्स बँकेत नवं काढून तिथे जोडता येतं.

प्रश्न : सातबाऱ्यावर थोरल्या काकांचंच नाव आहे, पुढे 'ए.कु.मॅ.' लिहिलंय. वडिलांना लाभ मिळेल?

उत्तर : आज नाही. ती अक्षरं म्हणजे 'एकत्र कुटुंब मॅनेजर'. काका तिथे सर्व भावांच्या वतीने आहेत. आजोबांच्या वारसांची नावं असलेल्या जुन्या फेरफाराची नक्कल अभिलेख कक्षातून काढा आणि तो शेरा कमी करून सर्वांची नावं लावण्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज द्या. काका हयात असताना, त्यांच्या जबाबासह हे करून घ्या. पुढच्या पिढीत तेच काम वर्षानुवर्षं अडतं.