स्वस्त दारूच्या नादी लागू नका, 9 एमएमसाठी तरी

तुमचा प्रश्न वाचला आणि पोटात गोळाच आला. घरीच काडतुसं भरायला (म्हणजे रिलोडिंग) नवीन प्रेस घेतलंय, 9 एमएम पिस्तुलासाठी 115 ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे वजनाचं बारीक माप) गोळ्या आणून ठेवल्यात, फक्त कागदावर आणि स्टीलच्या प्लेटांवर प्रॅक्टिस करायचीय, आणि एका पौंडात सगळ्यात जास्त काडतुसं कुठली बंदुकीची दारू देते ते शोधून तिचा 8 पौंडांचा डबा मागवताय. सात वर्षांपूर्वी मी अगदी हेच केलं होतं, याच क्रमाने. ऑर्डर अजून गेली नसेल तर आधी थांबवा, मग पुढचं वाचा.

मी आर्मरर (बंदुका दुरुस्त करणारा) वगैरे कुणी नाही, आयटीतला माणूस आहे, ह्यूस्टनला राहतो, शनिवार-रविवारी नेमबाजीच्या मॅच खेळतो एवढीच माझी लायकी. किती ग्रेन घालायची हे मी कुणालाच सांगत नाही, तुम्हालाही सांगणार नाही, ते दारू बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर फुकट असतं, तिथूनच घ्यायचं आणि सुरुवातीच्या आकड्यापासून वर जायचं. कुणाच्या मित्राच्या वहीतून नाही, व्हिडिओतून नाही, माझ्याकडून तर नाहीच. दारूंचा बर्न रेट चार्ट (कुठली किती वेगाने जळते त्याची यादी) बघून "ही तिच्या शेजारीच आहे, चालून जाईल" असंही करू नका, तो चार्ट म्हणजे डेटा नव्हे.

तर मी काय केलं. पहिली चूक ऑर्डर देतानाच झाली. दारू ऑनलाइन मागवली की हॅझमॅटचे, म्हणजे धोकादायक माल पाठवायचे, पैसे वेगळे लागतात, एक पौंड घ्या नाहीतर आठ, ते तेवढेच. आपली मराठी बुद्धी, म्हटलं एवढे पैसे जातच आहेत तर मोठाच डबा घेऊ. त्यात ही दारू जड, घट्ट, चिमूटभर पुरते, म्हणजे तर सोन्याहून पिवळं. त्या दारूचं नाव घेत नाही, कारण दोष तिचा नव्हता, हजारो लोक ती रोज सुखाने वापरतात. (कुरियरने तो डबा दोनदा "घरी कुणी नाही" म्हणून परत नेला, मी घरात सोफ्यावर बसलेला असताना, आणि कस्टमर केअरवाली बाई मलाच विचारते की तुम्ही खरंच घरी होता का. जाऊ दे.)

हिशोब मांडून दाखवतो. एका पौंडात 7000 ग्रेन. समजा एका दारूचे 4 ग्रेन लागतात आणि दुसरीचे 5, हे हिशोबापुरते आकडे आहेत, रेसिपी म्हणून उचलू नका. पहिलीची 1750 काडतुसं होतात, दुसरीची 1400. पौंड 40 डॉलरला धरला तर फरक पडतो काडतुसामागे अर्ध्या सेंटच्या जरा वर, हजार काडतुसांमागे साधारण पावणेसहा डॉलर. एवढ्यासाठी मी तो डबा घेतला. वडापावचे पैसे वाचवले म्हणा.

आणि त्या बदल्यात काय गमावलं? 9 एमएमची पुंगळी (काडतुसाचं कवच, ज्यात दारू भरतात) लहान, आणि दाबाची मर्यादा 35000 पीएसआय (चौरस इंचावर तेवढे पौंड). .45 एसीपी आणि .38 स्पेशल या दुसऱ्या काडतुसांची अनुक्रमे 21000 आणि 17000 आहे, त्यावरून कळेल की हे चिमुरडं किती तापट आहे. गोळी जरा जास्त खोल बसली तरी आतली जागा कमी होते आणि दाब चढतो. अशा पुंगळीत जड दारूचं माप तळाला कुठेतरी पडून राहतं, आणि चुकून दुसऱ्यांदा माप पडलं तरी पुंगळी निम्म्याच्या आसपासच भरते. वरून बघितलं तर दोन्हीत काळंच दिसतं. फुगीर दारू असेल तर दुप्पट माप बाहेर सांडतं किंवा काठाला येतं, आंधळ्यालाही कळेल. दारू निवडताना मला विचाराल तर हा एकच मुद्दा आहे, बाकी सगळं हौस.

त्या दिवशी झालं ते असं. सिंगल स्टेज प्रेस (एका वेळी एकच काम करणारं), 50 भोकांचा लाकडी ट्रे, दहा-दहाच्या पाच ओळी. मी मापाने दारू घालत चाललोय, तिसरी ओळ सुरू झालेली, रात्रीचे सव्वानऊ, म्हणजे तिकडे सांगलीला सकाळचे पावणेआठ. आईचा फोन. "काय करतोयस रे?" मी डोकं न वापरता बोललो, "आई, दारू मोजतोय." पलीकडे एकदम शांत. मग "मोजून पितोस?" आणि मग वीस मिनिटं, ही दारू ती दारू नव्हे, ही बंदुकीची, तर ते ऐकून ती आणखीनच घाबरली, मग बाबांना फोन दिला, बाबांनी पुन्हा पहिल्यापासून. हसून हसून परत आलो आणि तिसरी ओळ पहिल्या पुंगळीपासून घ्यायला लागलो. त्यातल्या तीन आधीच भरलेल्या होत्या. दिव्याचा उजेड पिवळा, दारू काळी, मी खूश. गोळ्या बसवल्या, तो ट्रे डब्यात आधीच्या सहाशे काडतुसांत ओतून टाकला आणि झोपलो.

दोन आठवड्यांनी शूटिंग रेंजवर चाप ओढला तेव्हा आवाजच वेगळा आला. पुंगळी बुडाशी फाटली, गॅस खाली मॅगझिनच्या वाटेने बाहेर पडला, मॅगझिन जमिनीवर, ग्रिप चिरलेली, एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी बाहेर ओढणारा आकडा) कुठे उडाला तो अजून सापडलेला नाही. तळवा तासभर बधिर. चष्मा होता म्हणून आज हे लिहितोय. पिस्तूल कंपनीला फोन केला, पहिलाच प्रश्न, फॅक्टरी काडतूस होतं का. खरं सांगितलं, तिथेच वॉरंटी संपली, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतंच. रेंजवाल्यांनी मात्र माझे पुढचे तीन महिने घातले, फॉर्म भरा, पुन्हा सेफ्टी क्लास करा, तो फॉर्म हरवला, पुन्हा भरा, आणि क्लासमध्ये बंदूक कशी धरायची ते शिकवलं, रिलोडिंगबद्दल चकार शब्द नाही.

पण पैशाने आणि वेळाने सगळ्यात महाग पडला तो उरलेला डबा. 640 काडतुसं, आणि त्यात आणखी किती दुप्पट भरलेली कुणास ठाऊक. तुम्हाला वाटेल काट्यावर तोलून शोधता येतील. मलाही वाटलं. पण रेंजवरून गोळा केलेल्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या पुंगळ्यांच्या वजनातच काही ग्रेनचा फरक असतो, वर गोळ्यांचा थोडा, त्यात चार ग्रेन दारू बुडून जाते. म्हणजे एक एक फोडणं आलं. हातोडीसारखा प्लास्टिकचा पुलर मिळतो, काडतूस आत अडकवायचं आणि काँक्रीटवर आपटायचं, तीन-चार ठोक्यांत गोळी सुटते. 640 गुणिले चार. तीन आठवडे रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये ठक ठक ठक, शेजारची बाई एकदा येऊन विचारून गेली की फरशी बसवताय का. सापडली दोन दुप्पट भरलेली. आणि एक रिकामी, ती कुठून आली ते आजही कळलेलं नाही. रिकामीला कमी समजू नका, नुसता प्रायमर (पुंगळीच्या बुडाची, ठिणगी देणारी टिकली) गोळीला नळीत ढकलतो आणि ती तिथेच अडकते, आवाज फुस्स येतो, आणि माणूस मॅचच्या घाईत पुढची गोळी तिच्यामागे झाडतो. नळी फुगते, नशीब फारच चांगलं असेल तर तेवढ्यावरच भागतं. फुस्स ऐकलं की थांबायचं, पिस्तूल रिकामं करून नळीतून आरपार उजेड बघायचा, मॅच गेली खड्ड्यात.

आता कुठली घ्यावी. माझं मत, आणि यावर दहा जण भांडायला येतील, येऊ देत. सुरुवातीला एचपी-38 किंवा विंचेस्टर 231 घ्या, दोन्ही एकच दारू आहे, डबे वेगळे, दुकानात जो स्वस्त असेल तो उचला. बारीक असल्याने मापातून नेमकी पडते आणि 9 एमएममध्ये दुप्पट झाली तर जवळजवळ तोंडापर्यंत येते, बघितलंत तर दिसल्याशिवाय राहत नाही. युनिक त्याहून फुगीर, शंभराहून जास्त वर्षं बाजारात आहे, दुप्पट भरली तर सांडतेच, पण तिचे पापुद्रे मापात अडतात, एकदा कमी एकदा जास्त, सारखं काट्यावर घ्यावं लागतं, आणि धूर करते. फिनलंडची एन 320 वापरून बघितली, स्वच्छ जळते, हाताला झटका मऊ, मॅचवाले लोक तिच्यावर जीव टाकतात, किंमत बघितली की माझा जीव जातो. मॅग्नमसाठीच्या (जास्त ताकदीच्या काडतुसांच्या) हळू जळणाऱ्या दारू तुमच्या कामाच्या नाहीत, हलक्या प्रॅक्टिस लोडसाठी त्या नाहीतच. आणि पुढे कधी .38 स्पेशल भरायला घेतलंत तर हा फुगीरपणाचा भरवसाही विसरा, ती पुंगळी काळ्या दारूच्या जमान्याच्या मापाची, इतकी लांब की दुप्पट भरूनही जागा उरते, तिथे डोळे हाच इलाज.

कुठलीही घ्या, पहिला डबा एक पौंडाचा, जवळच्या दुकानातून, हॅझमॅट वाचतो. तुमच्या पिस्तुलात शंभर-दोनशे झाडून बघा, स्लाइड नीट फिरते का, मग मोठ्या डब्याचं बघू. टेबलावर एका वेळी एकच दारू, काम झालं की मूळ डब्यात परत आणि डबा कपाटात. बिनलेबलची दारू कितीही ओळखीची वाटली तरी वापरायची नाही. रिकाम्या पुंगळ्या ट्रेमध्ये उलट्या ठेवा, भरली की सुलटी, आणि पन्नासच्या पन्नास टॉर्च मारून बघितल्याशिवाय गोळी बसवू नका. फोन दुसऱ्या खोलीत. मध्येच कुणी बोललं तर अख्ख्या ट्रेमधली दारू तिच्या मूळ डब्यात परत ओता आणि पहिल्यापासून सुरू करा, पाच मिनिटं जातात. टेबलावर चहा-चिवडाही नको, प्रायमरमध्ये शिसं असतं, काम झाल्यावर हात साबणाने धुवायचे, लहान मुलं असतील तर दुप्पट काळजी.

दोन गोष्टी विषयाबाहेरच्या, पण आपल्या लोकांना कुणी सांगत नाही. तुम्ही एच-1बी किंवा तसल्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडून फेडरल कायद्यात बंदूकच काय काडतूस बाळगणंही बसत नाही, ग्रीन कार्डवाल्यांना हा अडसर नाही. मी वकील नाही, आधी विचारून घ्या. स्वतःपुरतं भरायला फेडरल लायसन्स लागत नाही, पण मित्राला दहा डॉलरला भरलेल्या काडतुसांचा डबा विकलात तर तो धंदा समजला जाऊ शकतो, फुकटही देऊ नका, त्याच्या हातात फुटलं तर काय सांगणार. आणि रेंजची बॅग भारतवारीला वापरू नका, कधीच नाही. शिवणीत अडकलेलं एक काडतूस मुंबईच्या एअरपोर्टवर निघालं तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदतात, रिकाम्या पुंगळीवरूनही लोकांना तासन्‌तास बसवून ठेवल्याचं ऐकलंय. त्या बॅगेवर मी लाल टेप मारून ठेवलीय.

फोडलेल्या काडतुसांतली दारू परत वापरली नाही, मागच्या अंगणात गवतावर पातळ पसरून टाकली, नायट्रोजन असतो तिच्यात. 8 पौंडांच्या डब्यातली पाचेक पौंड अजून कपाटात आहे, उघडलेला डबा कुणी घेत नाही आणि घेऊही नये. तुमचं प्रेस कुठलं आहे ते लिहिलं नाहीत, प्रोग्रेसिव्ह (एका खेपेत सगळी कामं करणारं) असेल तर त्यात पावडर चेक डाय (दारू कमी-जास्त पडली का ते तपासणारा भाग) बसतो का बघा आणि सांगा, मग त्यावर बोलू.